भोयरभाऊंचं नाक

सई आणि निनाद,

गेल्या रविवारी फोनवर सई म्हणाली, "आजी, डब्यावरची तारीख काल संपली, म्हणून दही फेकून दिलं." मी विचारलं, "वास घेऊन बघितलास का?" त्यावर तुम्ही दोघं इतके हसलात की तुमच्या आईने फोन काढून घेतला. मग तीही हसायला लागली, पण तिच्या हसण्याचं कारण वेगळं होतं. तिला भोयरभाऊ आठवले होते. त्यांना ओळखणारी माणसं आता फार उरली नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

भोयरभाऊ कोणाच्याही दारात आले की आधी वास घ्यायचे आणि मग नमस्कार करायचे. नाक वर, डोळे मिटलेले. मग आतून कोणी येण्याआधीच निकाल. "वैनी, मागच्या खोलीतल्या डाळीले हवा द्या." त्यानंतर हात जोडून, "नमस्कार." मी डबे ओळीने मांडणारी, प्रत्येकावर चिठ्ठी लावणारी बाई. सुरुवातीला मला त्यांचा भारी राग यायचा.

पण तो त्यांचा धंदाच होता. तुमची आई शाळेत होती त्या काळात वर्ध्याच्या बाजारात कोणाचा माल बिघडला की भोयरभाऊंना निरोप जायचा. गळक्या गोदामात भिजलेला मैदा, बुरशी आलेले टोस्ट, हलवायाचा आंबलेला खवा, खवट तेल. हे सगळं बैलांच्या बंडीत घालून ते पिपरी मेघेच्या आपल्या शेतात न्यायचे आणि खड्ड्यात पुरायचे. पुढे त्याचं खत व्हायचं. तेव्हा तिकडे शेतंच होती.

खराब मालाला ते खराब म्हणत नसत. हात घालून मूठभर नाकाशी न्यायचे आणि हळू आवाजात सांगायचे, "जीव गेला याचा." चांगला असला तर, "जित्तं हाय, ठेवा." दुकानदार त्यांच्या तोंडाकडे असे बघत बसायचे, जसे आपण डॉक्टरांकडे बघतो.

जीव गेला म्हटल्यावर लगेच खिशातून कपड्यांच्या निळीची पुडी निघायची. बंडीत चढवण्याआधीच ते मालावर नीळ टाकून पाणी शिंपडायचे, म्हणजे तो पुन्हा कोणी विकायला नको. एकदा एका शेटजींच्या मनात होतं की भिजलेला मैदा उन्हात वाळवून कुठल्यातरी वसतिगृहात खपवावा. त्यांचं बोलून होईपर्यंत पोती निळी झाली होती.

"अरे भोयर, आधी विचारायचं तरी."

"विचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं, शेटजी."

त्यांचं नाक चुकायचं नाही असं मात्र समजू नका. माझा भाऊ जहाजावर नोकरीला होता. त्याने एकदा परदेशातून चीजचा मोठा तुकडा आणला, आत निळ्या शिरा असलेला. मी तो पाहुण्यांसाठी जपून ठेवला होता. भोयरभाऊ दारात आले, नाक वर केलं आणि नमस्कार न करताच आत शिरले.

"वैनी, घरात कायचा तरी जीव गेला."

"भाऊ, त्याचा वास असाच असतो."

"मुडद्याचा बी असाच असते." त्यांनी तुकडा हातात घेऊन फिरवला. "आन् हे पाहा, याले तं कोणीतरी आधीच नीळ टाकून ठेवली हाय. तुमाले फसवलं बापा कोणीतरी."

मी समजावत होते, तोवर चीज बंडीत गेलं होतं. पिपरीला पुरलं ते. तुमचे आजोबा आठवडाभर हसत होते.

या नाकापायी त्यांना कोणी जेवायला बोलवेना. झालं असं, की सिंदीला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी सवयीने कढीची वाटी नाकाशी नेली आणि क्षणभर थांबले. कढी उत्तम होती. पण समोरच्याने ते पाहून आपली वाटी खाली ठेवली, मग त्याच्या शेजारच्याने ठेवली, आणि बघता बघता अर्धी पंगत हात धुवायला उठली. तेव्हापासून लोक त्यांना पत्रिका द्यायचे आणि जेवण डब्यात घरी पाठवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डबा ते एकटेच खायचे.

तुमच्या आईचं लग्न ठरलं तेव्हा आजोबा म्हणाले, "आपणही भोयरभाऊंना डबाच पाठवू. व्याही नागपूरचे. यांनी नाक वर केलं तर आपल्या मुलीची पंगत उठेल." तुमची आई लहानपणी त्यांच्या बंडीत बसायचा हट्ट करायची, आणि ते बंडी आधी धुऊन घ्यायचे, मगच तिला बसवायचे. ती आजोबांना एवढंच म्हणाली, "बाबा, भोयरकाकांना डबा जाणार नाही."

मी स्वतः गेले आणि चूलबंद आवतन देऊन आले. म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, सगळं घर लग्नघरी जेवणार.

"चूलबंद?" ते म्हणाले. "घरात मी एकलाच, वैनी. काऊन बलावता? माह्यापायी पंगत उठंन."

"उठली तर उठली. तुम्ही यायचं."

ते बैलांना चारा टाकायला वळले. मला वाटलं, येणार नाहीत.

पंगत बसायच्या वेळी आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि दोन्ही नाकपुड्यांत घट्ट कोंबलेला कापूस. कडेच्या पाटावर बसले. व्याह्यांनी काळजीने विचारलं, "सर्दी झाली काय हो?"

"हो जी," ते तोंडाने श्वास घेत म्हणाले. "लई दिवसाची हाय."

कढी आली, वडे आले, बुंदी आली. ते खाली मान घालून जेवत होते, आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांशी नागपूरच्या उन्हाळ्याविषयी बोलत होते. एकही माणूस उठला नाही. आजोबा वाढता वाढता त्यांच्यापाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, काढा तो कापूस. अशाने चव काय कळणार?"

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "चव तं घरी बी भेटते. बाजूले बसून जेवणारं माणूस नाई भेटत."

आजोबांनी बुंदीचं भांडं खाली ठेवलं, पाट ओढला आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जेवायला बसले.

भोयरभाऊ गेले त्याला आता खूप वर्षं झाली. बंडी मोडली, आणि पिपरीच्या त्या शेतावर घरं उभी राहिली. त्यांनी दिलेल्या खतावर मी मागच्या अंगणात लावलेलं कागदी लिंबाचं झाड अजून आहे. यंदा लिंबं थोडीच लागली, पण लागली.