टेप कुनाचा पाव्हना नसतो

गेल्या वर्षी आषाढात, एका मंगळवारी दुपारी, माझे पती अनिल गेले. शेतातून घरी आले, पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत गेले होते.

दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनी मला धीर दिला. किसन मामांनी आधी आमच्या भिंतीला टिचक्या मारल्या. चपला काढायच्या आत त्यांनी पुढच्या भिंतीला कान लावला, तीन-चार ठिकाणी बोटाने ठोकलं आणि रडणाऱ्या बायकाही गप्प होतील अशा आवाजात म्हणाले, "पोकळ हाय. गिलावा आतनं सुटलाय." मग माझ्यासमोर येऊन तासभर बसले.

हे यांचे मामा, दौंडकडचे. कुरकुंभच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं टाक्या आणि पाइप खरवडले. रंग लावणारी माणसं वेगळी असत. मामांनी जन्मात रंगाचा ब्रश हातात धरला नाही, आणि याचा त्यांना अभिमान आहे. "रंग काय, कुनीबी फासतंय. खालचं कोन बघतं?" लग्न त्यांनी केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणतात, "तयारी पुरी झाली न्हवती."

माझी धाकटी जाऊ शोभा. तिच्या प्रियांकाचं लग्न अनिल असतानाच ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. ते पुढे ढकलायचं नाही यावर घरात एकमत झालं. म्हणजे घराला रंग देणं आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा आमच्या न्हावऱ्याला एसटीतून उतरले. पिशवीत एक सदरा, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि चिकट टेपची गुंडाळी.

पाऊस नुकता उघडला होता. डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन आणि घराच्या तिन्ही बाजूंना पाणी पाजलेला ऊस. नुसतं बसून राहिलं तरी घामाने पदर भिजायचा. अशा हवेत मामांनी पहिले सहा दिवस काहीच केलं नाही. संध्याकाळी भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवायचा आणि सकाळी आतून थेंब धरलेत का ते बघायचं, एवढंच.

"घाम येतोय अजून," ते भिंतीकडे बघून सांगत. "घामावर रंग दिला की फोड येत्यात."

शोभा कावली. "मामा, लगीन आमच्या पोरीचं हाय, भिंतीचं न्हाई."

"पोरगी जाईल सासरला. भिंत हितंच ऱ्हानार हाय."

सातव्या दिवशी ते शिडीवर चढले आणि मग थांबेनात. शेवाळ घासून धुतलं, भिंतीतून फुटलेला खारट लोणा खरवडला, पोकळ गिलावा पाडला. रस्त्याने जाणारे गाडी थांबवून विचारू लागले, "घर पाडताय काय ओ?" मामा वरूनच म्हणायचे, "न्हाई, आंघूळ घालतोय."

जुन्या रंगाबद्दल शंका आली की ते ब्लेडने त्यावर फुली मारायचे, वर टेप दाबायचे आणि झटक्यात ओढायचे. टेपला रंगाचा कपटा लागून आला तर तेवढा भाग पार सिमेंटपर्यंत खरवडायचा. नाही आला तर थर पक्का, त्याला हात लावायचा नाही. कुणी रदबदली केली की ठरलेलं उत्तर: "टेप कुनाचा पाव्हना नसतो."

असं करत मामा दाराच्या उजव्या बाजूला पोचले. तिथे आमच्या लग्नात रंगवलेला गणपती आहे आणि खाली तांबड्या अक्षरांत 'चि. अनिल' आणि 'चि. सौ. कां. मंगल'. पंचवीस वर्षांत घराला दोनदा रंग लागला, तो या चौकोनाला वळसा घालून. तसा यांचा हट्ट होता.

"ताई, आता हितं प्रियांकाचं नाव घालू," शोभा म्हणाली. ती वाईट नाही, मुलीची आई आहे. पण भावकीतले तात्या मांडवाची जागा बघायला आले होते, ते सरळच बोलले. "गेलेल्या मानसाचं नाव लग्नाच्या दारात बरं दिसतं व्हय? खरवडा, मामा."

मी शिडी धरून उभी होते. शाळेत मी मराठी शिकवते, आणि घरात नेमक्या वेळी मला शब्द सापडत नाहीत.

"ते मी न्हाई ठरवत," मामा म्हणाले. "टेप ठरवतो."

"लावा की मग," तात्या म्हणाले. "आन् कपटा आला तर?"

"आत्ता खरवडतो. न्हाई आला तर परत कुनी ह्यो विषय काढायचा न्हाई."

मामांनी 'मंगल'च्या म वर ब्लेडने फुली मारली. टेप तोडला. मग तात्यांकडे पाठ करून तो त्यांनी आपल्या घामेजलेल्या दंडावर दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. त्यात चिकटपणा म्हणून काही राहिला नसेल. तोच टेप भिंतीला लावला, अंगठ्याने चोळल्यासारखं केलं, ओढला आणि तात्यांच्या हातात दिला.

तात्यांनी तो उन्हात धरला. "ह्यो केस कुनाचा?"

"भिंतीचा नसंल," मामा म्हणाले.

तात्या माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुम्ही शाळंतल्या बाई. खोटं न्हाई बोलायच्या. नीट लावला का ह्यांनी टेप?"

"नीट लावला," मी म्हणाले. आवाज माझाच होता. "आणि ही नावं राहतील. प्रियांकाचं डाव्या बाजूला घालू. पेंटरला मी सांगेन."

शोभाने दाराच्या दुसऱ्या बाजूला तळवा टेकवून बघितला. मग मामांना म्हणाली, "डावीकडची तरी वाळलीया का?"

तात्या गेल्यावर मी चहा आणला. मामा पायरीवर बसून दंड पुसत होते. "कंपनीत ह्ये केलं असतं तर गेटाभाईर काढला असता मला," ते म्हणाले. बशीतला चहा संपला, तरी बशी खाली ठेवली नाही. "तीस वर्सं खरवडलंच की, सूनबाई. एवढं ऱ्हाऊ दे."

लग्न झालं. त्या दिवशी मी दारात उभी राहिले, उजव्या बाजूला.

आता भिंत बदामी रंगाची आहे आणि तिला कुठेही फोड आलेला नाही. नावांचा चौकोन जुन्या पांढऱ्याचा आहे. यंदाच्या पावसात 'मंगल'चा म फुलीपाशी सुटून पडला. 'अनिल'ची तिन्ही अक्षरं आहेत.