चार गिअर मागं, एक पुढं

परभणी जिल्ह्यात मी उघडला नाही असा गिअरबॉक्स अजून तयार व्हायचाय! खोटं वाटत असेल तर पोखर्णीत विचारा. दिनकररावांची मेटाडोर मीच चालवायचो आणि मीच दुरुस्त करायचो. त्र्याऐंशी साली त्यांच्या नागनाथचं लग्न बोरीला ठरलं, आणि नेमका आदल्या दिवशी गिअरबॉक्स जात्यात खडे पडल्यासारखा दळायला लागला.

"शहरात दाखवू," दिनकरराव म्हणाले.

"मालक, मी काय मेलोय का?"

लिंबाखाली पोतं अंथरलं, एकेक चाक रॉकेलनं धुतलं, पुन्हा बसवलं. मलाच माझं कौतुक वाटलं!

सकाळी वऱ्हाड बसलं, नारळ फुटला, मी पहिला गिअर टाकला. गाडी मागं गेली आणि थेट कडब्याच्या गंजीत शिरली! दुसरा टाकला. तरी मागंच, फक्त जोरात. रिव्हर्स टाकला तर पुढं निघाली, गाभण म्हशीच्या चालीनं. तेव्हा कळलं, आतलं मोठं दातेरी चाक मी उलट्या अंगानं बसवलं होतं. मागं जायला चार गिअर, पुढं जायला एक!

"आरं, मुहूर्त बाराचा हाय! ह्या चालीनं बारशालाच पोचू!" दिनकरराव ओरडले.

"मग मागं मागं जाऊ!"

गाडीचं बूड बोरीकडं केलं. नागनाथचा चुलता सटवाजी मागचं दार उघडून बसला आणि "डावं! उजवं!" करू लागला. चौथा गिअर टाकला आणि काय सांगू, गाडी उडालीच! परभणीच्या चौकातला पोलीस तोंडातली शिट्टी वाजवायचीच विसरला.

बोरीच्या वेशीवर मुलीचे वडील आबासाहेब वाजंत्री घेऊन सामोरे आले. बघतात तर गाडीचं तोंड पोखर्णीकडं!

"जावई रुसून परत जायलेत!" एकच गलका झाला. आमच्याकडं नवरदेव वेशीवर रुसतोच; रुसवा काढल्याशिवाय उतरत नाही.

"घड्याळ देतो, पण थांबा!" आबासाहेब धावले.

गाडी सरळ करावी म्हणून मी गिअरचा दांडा ओढला, तर ती दहा हात पोखर्णीकडं सरकली.

"सायकलबी देतो!"

नागनाथ माझ्या कानाशी लागला, "मामा, आणखी दहा हात होऊ द्या की!"

झाले. आणि आबासाहेबांचा पारा चढला. "जायचं तर जावा! आमची लेक अंबाबाई आमाला जड न्हाई!"

वाजंत्री थांबली. नागनाथ पिवळा पडला. आता माझी अब्रू जायची, नाही तर त्याचं लग्न. मी खाली उतरलो, टोपी काढली आणि भर वेशीत कबूल केलं, "गिअरबॉक्स मी उलटा बसवलाय!"

कुणी मानेना! शेवटी आबासाहेबांना शेजारी बसवून चौथ्या गिअरात गावाला फेरी मारली. उतरले तेव्हा राग कुठल्या कुठं, डोळे वाटीएवढे. "काय इल्म हाय गड्या!" म्हणाले, आणि मला नवरदेवाच्या आधी शेला बांधला.

लग्न लागलं. परतीला नवरा-नवरी पुढं, माझ्या शेजारी बसले. गाडी पाठमोरी निघाली. सासरी निघालेल्या पोरीनं मागं वळून बघू नये म्हणतात. अंबाबाई वळलीच नाही. समोरच्या काचेतच तिचं माहेर होतं! आई, मांडव, मारुतीचा कळस, सगळं दिसेनासं होईपर्यंत ती हात हलवत राहिली. माझ्याच्यानं चौथा गिअर काही टाकवेना. पहिल्यावरच नेली.

ही गोष्ट गावोगाव गेली. त्या उन्हाळ्यात आठ पोरी हटून बसल्या, सासरी जाऊ तर त्याच गाडीतून! पण तोवर दिनकररावांनी चाक सरळ करून घेतलं होतं. ते पुन्हा उलटं बसवायला मी अकरा वेळा गिअरबॉक्स उघडला.

काय सांगू, दरवेळी मेला बरोबरच बसतो!