नेलिदाची यर्बा

पालकसभेत समुपदेशक बाई म्हणाल्या, "मुलांचा मोबाइल सुटायला हवा असेल, तर तुम्हीही एक सवय सोडा. मुलं बघत असतात." नेलिदाने पहिल्या रांगेत बसून जोरात मान डोलावली. चूक झाली ती तिथेच.

तिची पंधरा वर्षांची मिकाएला सात महिने मोबाइलमधून डोकं वर काढत नव्हती. हाक मारली, "हं." जेवायला वाढलं, "हं." बोलून बोलून नेलिदा पार थकून गेली होती. तिने करार मांडला: रविवारपर्यंत दोघींनी एकेक गोष्ट सोडायची. आईने मोडला तर मोबाइल परत, आणि पुन्हा त्यावर चकार शब्द काढायचा नाही.

"मी काय सोडू, तूच सांग."

"यर्बा," मिका खाली बघतच म्हणाली.

सकाळपासून झोपेपर्यंत यर्बाच्या पानांचं ते कडू गरम पाणी नळीने ओढल्याशिवाय नेलिदाचा एक दिवस गेला नव्हता. पण शब्द तर दिला होता. मोबाइल, गरम पाण्याचा थर्मास, यर्बा भरायची भोपळ्याची तुंबी आणि नळी पत्र्याच्या पेटीत गेली. किल्ली शेजारच्या ओफेलियाकाकूंकडे.

दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकायला लागलं. त्याहून मोठा ताप गावाचा. पायसान्दूत काखेत थर्मास नसलेली नेलिदा कुणी पाहिलीच नव्हती.

"डॉक्टरांनी बंद केली का गं?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नाही हो, पोरीसाठी सोडलीय."

दुपारपर्यंत पोरगी गंभीर आजारी असल्याची बातमी झाली. दीर सहकुटुंब सूप घेऊन आला, मागोमाग फादर. सगळे आपापला थर्मास घेऊन! तिच्यासमोर बसून फुर्र फुर्र ओढत तिला धीर देत होते. पुढे केलेली तुंबी नको म्हणावं तर त्यांना राग.

शुक्रवारी ती काकूंकडे गेली, ती "किल्ली जागेवर आहे ना" एवढंच बघायला. काकूंनी सवयीने तुंबी पुढे केली. तिसरी तुंबी अर्ध्यावर आली असताना दारात मिका उभी.

"एकच घोट घेतला गं."

"मीपण असंच सांगायचे." मिका खुर्ची ओढून समोर बसली. आवाज थेट समुपदेशक बाईंचा. "मी रागवत नाहीये. पहिल्यांदा कुणी दिली तुला?"

"आईने. सहा वर्षांची होते. दूध घालून."

"आणि या आठवड्यात किती वेळा?"

"काल एकदा. परवा... फादर होते ना समोर!"

काकूंनी किल्ली टेबलावर सरकवली. करार तो करार. नेलिदाचे डोळे भरून आले. संपलं सगळं, पोरगी परत गेली हातची.

मिकाने किल्ली उचलली आणि खिशात टाकली.

"मोबाइल नाही घेत?"

"राहू दे. तू आधी बरी हो. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस, मी आहे सोबत. आता मला सांग, तलफ नेमकी कधी येते?"

सात महिन्यांनी लेक समोर बसून तिच्याशी बोलत होती, तेही पूर्ण वाक्यांत. नेलिदाला हसावं की रडावं कळेना. एवढ्यात काकूंनी सवयीच्या हाताने तुंबी पुन्हा भरली. वाफ थेट नाकाशी आली.

"आई, इकडे बघ ना. मी बोलतेय."

"हं," नेलिदा म्हणाली.