मुकुंदरावांचे तीन फासे

इरा आणि अन्वय, ऐका. आपल्या शेजारच्या मुकुंदरावांच्या खिशात चष्मा नसेल, रुमाल नसेल, पण लुडोचे तीन फासे असतातच. संध्याकाळी समुद्रावर निघण्याआधी ते ओटीवर उकिडवे बसून फासे टाकतात. तीन सहा पडले की त्या दिवशी नागावचा समुद्र बंद! नागावला याची काहीच कल्पना नसते. घोडागाड्या, भेळवाले, पाण्यातल्या स्कूटर सगळं नेहमीसारखं चालू राहतं. मुकुंदराव मात्र चपला काढून घरात जातात.

ते जुगारी नाहीत, इंजिनीअर आहेत. भर समुद्रात तेलासाठी जे लोखंडी प्लॅटफॉर्म उभे करतात, त्यांच्या पायांवर लाटेचा जास्तीत जास्त किती दणका बसेल, हे काढण्यात त्यांचा जन्म गेला. शंभर वर्षांत एकदा येणारी लाट बघायला शंभर वर्षं कोण थांबणार? म्हणून हे लोक कॉम्प्युटरवर खोटी वादळं करत. लहानमोठ्या लाटा हाताला येतील तशा एकमेकींत सोडून द्यायच्या, पायाला किती धक्का बसला ते लिहायचं, आणि पुढचं वादळ घ्यायचं. अशी हजारो. बहुतेकांत काहीच घडत नाही. एखाद्यात मात्र सगळ्या लाटांचे माथे नेमके एकाच क्षणी त्या पायापाशी भेटतात.

"तीन सहा, वहिनी!" असं म्हणून ते माझ्या कानाशी टाळी वाजवतात. मला हे समजायला बरीच वर्षं आणि पुष्कळ चहा लागला.

निवृत्तीनंतर प्लॅटफॉर्म संपले, तेव्हा ते आमच्याकडे वळले. "सरासरी लाटेनं कोणी बुडत नाही" हे त्यांचं पालुपद. नारळांना पाणी लावताना ते हेल्मेट घालतात. माझ्याकडे सत्यनारायणाला पन्नास माणसं येणार होती, तर फासे टाकून त्यांनी मला एकशेतीस जणांचा शिरा करायला लावला. आली अठ्ठेचाळीस. आम्ही चार दिवस शिरा खाल्ला.

"पण आली असती तर?" मुकुंदराव म्हणाले. हे त्यांचं दुसरं पालुपद.

त्यांच्या पत्नी सुधाताई माझी मैत्रीण. गुडघ्यांनी त्यांचं बाकी सगळं फिरणं बंद केलं होतं. एवढंच उरलं होतं की, त्यांची वाडी जिथे संपते तिथल्या सुरूच्या झाडांखाली वाळूत बसायचं आणि समुद्र बघायचा. मग तेही जमेना. "खाली बसले तर उठवायला क्रेन आणावी लागेल," म्हणाल्या. "अहो, तिथे एक बाक तेवढा करा."

मुकुंदराव महिनाभर दिसले नाहीत. दिसले तेव्हा हातात नकाशा होता. हरी गवंड्याने तो आडवा धरला, उभा धरला.

"सायेब, हितं बोट लावायची हाय का?"

"बाक आहे, हरी. बसायचा बाक."

"मंग मानसांनी वर जायाचं कसं?"

"शिडी आहे ना!"

पुरुषभर उंचीचे चार काँक्रीटचे खांब, त्यावर बाक, बाजूला पाच पायऱ्यांची लोखंडी शिडी. दहा हजार वादळांतून पास झालेला! नारळ फोडायला आम्ही सगळे जमलो. सुधाताईंनी काठीच्या आधाराने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला.

"दहा हजार वादळं मोजलीत," त्या म्हणाल्या, "माझे दोन गुडघे मोजायचे राहिले."

हरी मोठ्याने हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू? मुकुंदराव हसले नाहीत. तीन दिवस फासेसुद्धा टाकले नाहीत. चौथ्या दिवशी टेप घेऊन त्यांनी सुधाताईंच्या जेवणाच्या खुर्चीची उंची मोजली. एकोणीस इंच. तेवढ्याच उंचीचा एक साधा लाकडी बाक त्या खांबांशेजारी आला.

तो दर पावसाळ्यात पहिल्या मोठ्या उधाणाला वाहून जातो. एकदा रेवदंड्याला सापडला. एक कोळीण त्यावर बोंबील वाळवत होती. "दर्यानं आनून दिलाय, आता आमचा हाय," ती म्हणाली. मुकुंदरावांना ते पटलं. दर वर्षी ते नवा करतात, एकोणीस इंचांचाच. काँक्रीटचा बाक भक्कम उभा आहे. त्यावर कावळे बसतात आणि पर्यटक फोटो काढतात.

गेल्या महिन्याची गोष्ट. सुधाताईंचे गुडघे सुजले होते. पंधरा दिवस अंथरुणावरच होत्या. मी डबा परत द्यायला गेले, तर सुधाताई त्या दिवशी पहिल्यांदा उठून, अबोलीची वेणी माळून, काठी घेऊन आतल्या दारात उभ्या. मुकुंदराव ओटीवर, दाराकडे पाठ करून. त्यांनी फासे टाकले.

तीन सहा.

मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

"काय पडलं हो?" आतून सुधाताई.

मुकुंदरावांनी एक फासा बोटाने हळूच कलंडवला.

"सहा, सहा, पाच," ते म्हणाले. "चल."

थोड्या वेळाने मी कुंपणापाशी जाऊन पाहिलं. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. सुधाताई बाकावर बसल्या होत्या. मुकुंदराव बसले नव्हते. ते त्यांच्या पुढ्यात, पाण्याकडे तोंड करून, पाय रोवून उभे होते. काँक्रीटचा पाचवा खांब असावा तसे.

"अहो, बाजूला व्हा," सुधाताईंचा आवाज आला. "मला समुद्र दिसत नाही."

ते सरकले. एकच पाऊल.