मधल्याला काय काम?

मनिऑर्डरचं कमिशन वाचावं म्हणून एसटीनं जामखेडला जाऊन येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बबननाना. गावाकडच्या म्हाताऱ्या आत्याला दर महिन्याला पैसे द्यायचे, ते नाना स्वतः नेऊन देत. तिकीट कमिशनच्या कितीतरी पट व्हायचं. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर नाना माझ्यावरच उखडले.

"तिकीट मी गाडीत बसतो म्हणून देतो. कमिशन कशापायी देऊ? पैसं माजं, आत्या माजी. मधल्याला काय काम?"

हा नानांचा मंत्रच होता. भाजी घेणार ती थेट शेतकऱ्याच्या सायकलवरून. देवळात गेले की पुजाऱ्याला म्हणायचे, "महाराज, जरा सरका. माजं मी सांगतो देवाला." माझ्या एसटीडी बूथमध्ये फोनला यायचे आणि बिल देताना हमखास विचारायचे, की बोललो मी, ऐकलं समोरच्यानं, तर तुझा हिस्सा कशाचा?

सावेडीत तेव्हा, नव्वदच्या दशकात, आमचं शॉपिंग सेंटर नवंकोरं होतं. एका गाळ्यात नानांच्या साड्या, पलीकडच्या गाळ्यात त्यांचे थोरले भाऊ अण्णा यांचं सूटिंग-शर्टिंग आणि मधे मी. भाऊभाऊ पूर्वी एकाच दुकानात बसायचे. पण नानांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला अण्णा रुसून आले नाहीत आणि तेव्हापासून बोलणं बंद. नाना ते बोलून दाखवत नसत, पण संध्याकाळी अण्णांच्या शटरचा आवाज आल्याशिवाय आपलं शटर ओढत नसत.

शेजारी धंदा म्हटल्यावर निरोप असणारच. ते पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

"त्याला म्हणावं, तुजी स्कूटर माज्या पायरीवर येती," नाना आतून म्हणायचे.

"त्याला सांग, पायरी माझ्या स्कूटरच्या आधीपासून वाकडी हाय," अण्णा तिकडून.

दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जायचं. तरी मी निरोप सांगेपर्यंत कोणी हालत नसे. मधल्या माणसावर दात असलेल्या या गृहस्थानं मला असं फुकटात मधे बसवलं होतं, आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यात क्रेडिट कार्डं आली. बँकेनं अण्णांना मशीन दिलं. एमआयडीसीतले साहेब लोक त्यांच्याकडे सुटाचं कापड घ्यायला यायचे ना. कार्ड ठेवायचं, वर कार्बनची पावती ठेवायची आणि दांडा इकडून तिकडे ओढायचा. खर्रकन आवाज झाला की पैसे मिळाले असं समजायचं. नंतर पावत्या बँकेत भरायच्या. मग बँक आपला वाटा कापून उरलेली रक्कम खात्यात जमा करायची.

हे कळल्यावर नाना दिवसभर अस्वस्थ होते. "कापड आपलं, गिऱ्हाईक आपलं, आन् कापणार बँक? एक दांडा वडायचं एवढं?"

कार्डवाला आला की नाना त्याला आधी खुर्ची देत, मग चहा, मग भजी आणि मग रोख देण्याची गळ घालत. बँकेनं कापलं असतं त्याहून जास्त भज्यांना जाई. पण काही साहेबांकडे रोख नसेच. मग नाना डोळ्यांनी मला खुणावत. मी अण्णांकडून मशीन उचलून आणायचो. पैसे अण्णांच्या खात्यात जायचे आणि चार-आठ दिवसांनी अण्णा ते पाकिटात घालून माझ्या हाती द्यायचे. नाना मोजायचे आणि खूश व्हायचे. "बघ, पै कापली न्हाई. बँकेला बी माणूस वळखू येतो!"

एकदा बँकेचा माणूस माझ्याकडे फोन करायला आला. मी सहज विचारलं, साड्यांवर तुम्ही काही कापत नाही काय हो? तो हसला. म्हणाला, आम्हाला काय साडी आणि काय सूट, प्रत्येक पावतीवर कापतो.

मी नानांना सांगितलं. ते साडीची घडी घालत होते. तीच घडी त्यांनी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. त्या दिवशी अण्णांच्या स्कूटरबद्दल निरोप आला नाही.

थोड्याच दिवसांत नानांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. सावेडीतल्या पत्रिका वाटायला नानांनी माझ्याकडे गठ्ठा दिला आणि एक स्वतःच्या हातात ठेवली. वर नाव अण्णांचं. मी सवयीनं हात पुढे केला. "द्या, देऊन येतो."

"न्हाई. थोरलीच्या टायमाला दुकानातल्या पोराच्या हाती धाडली हुती. मला येळ न्हवता म्हणं! सख्ख्या भावाला आवतान, आन् मधी माणूस घातला." नाना टोपी सारखी करत उठले. "ह्याच्यात मधल्याला काय काम?"

तरीही "तू चल संगं" म्हणून मला घेऊनच गेले. माणूस घाबरला होता.

अण्णा गजानं कापड मोजत होते. नानांनी पत्रिका आणि अक्षता पुढे केल्या. "अण्णा, धाकटीचं लगीन हाय. तुमी आल्याबिगर अक्षदा पडणार न्हाईत."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय हा?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"त्याला काय इचारता?" नानांचा आवाज फाटला. "मी हितं उभा हाय की."

अण्णांनी गज खाली ठेवला आणि स्टुलावरचं कापडाचं ठाण उचललं. "बस, बबन."

नाना बसले. बराच वेळ पत्रिकेची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "मशीनचं बँकेनं किती कापलं, सांगा. भरून देतो."

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "थोरलीचा आहेर ऱ्हायला हुता माज्याकडं. तुझ्या हातात द्यायला तोंड न्हवतं. असा थोडा थोडा देत हुतो."

नाना तोंड फिरवून भिंतीवरच्या सुटाच्या कापडांकडे बघत बसले. त्यांना सूट शिवायचा नव्हता, हे मला माहीत होतं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तू अजून हितंच? जा, तुजा फोन वाजतोय."

फोन वाजत नव्हता. तरी मी गेलो.