हरणीच्या रंगाचं पालिश

पळालो. हां, पळालो मी. त्यात काय लपवायचंय, आदिनाथ? पण तू सोनपेठच्या बाजारात मोबाइल उभा करून लोकायला नुसतं पळायचंच दाखवायलास. त्याच्या आदीचं कोन सांगंल? बुटाचं कोन सांगंल? पालिशचं?

(आदिनाथ म्हंजे माझा मेहुणा, आमच्या कासाबाईचा धाकटा भाऊ. हितं न्हाई म्हणून मी तोंडानं बोलायलो. हितं असता तर काठीनं बोललो असतो.)

तर तुमी बसा. तुमीच ठरवा मंग, चूक कुणाची ते.

माझी पोरगी विजयमाला वनरक्षक झाली. गार्ड. आता ह्याच्यात एवढं काय, हे ज्यानं मेंढरं राखलीत त्यालाच कळंल. आमच्या तीन पिढ्या गार्डाला बघून पळाल्या. जिंतूरकडच्या डोंगरात मेंढरं घुसली की आमी झुडपाखाली पालथं पडून ऱ्हायचो. तिथून गार्डाचं तोंड कवाच दिसत नसतं. दिसतात ते बूट. तांबूस, घोट्याच्या वर आलेले, नाडीचे. बूट उजवीकडं गेले की आमी डावीकडं. मला अक्षर लय वाचता येत न्हाई, पण बूट वाचता येतो. कोन नवा हाय, कोन तापट हाय, कोन नुसता बिडी वढायला आलाय, समदं बुटावर असतंय.

तसले बूट आता माझ्या ओसरीवर. माझ्या पोरीचे. पहिल्या दिवशी मी त्यायच्याकडं नुसतं बघत बसलो, तर कासाबाई म्हनली, "भाकर गार होयाली. बूट काय पळून जायले का?"

सोमवारी पोरीची शेवटची परेड होती. त्याच्या आदी चार दिवस सुट्टी भेटली. शुक्रवारी ती सोनपेठला मामाकडं गेली, तितं दुसऱ्या दिवशी तिचा सत्कार होता. जाताना बोट दाखवून म्हनली, "आबा, बुटाला हात लावायचा न्हाई." मी म्हनलो, मला काय गरज पडली. ती गल्लीच्या भाईर गेली न गेली तर माझ्या हातात डावा बूट. धूळ बसली होती हो. बाप जित्ता असताना एवढी साहेबीन वाकून बूट पुसंल का?

आन् चामड्याचं मला कोन शिकवायचं? माझं पायतान मी एरंडेलावर वाढवलंय. नवं पायतान एरंडेल पिऊन दिवसभर उन्हात पडलं की लोण्यावाणी मऊ होतंय. तेच केलं. बाटलीत एका बुटापुरतंच तेल होतं, म्हणून एक बूट वाचला. डावा चांगला चोळून पत्र्यावर उन्हात ठेवला आन् मी मेंढराकडं गेलो.

दुपारनं येऊन बघतो तर डावा बूट जुन्या गुळावाणी काळा. उजवा तसाच, तांबूस. दोनी शेजारी ठेवले तर एक गार्डाचा दिसायला आन् दुसरा त्या गार्डानं पकडलेल्या माणसाचा.

कासाबाईनं आरडाओरड केली न्हाई, हीच भीती. तिनी दोनी बूट पेटीत टाकले, कुलूप घातलं, किल्ली कमरंला खोचली. म्हनली, "आता पेटीपाशी आलात तर एरंडेल इकत आणून तुमाला पाजीन."

मी इचार केला. (रागावल्यावर मी लय चांगला इचार करतो, आसं मला वाटतंय.) रंग गेलाय ना? मंग रंग इकत आणायचा. म्हंजे पालिश. आमच्या चुडाव्यात किराणावाल्याला इचारलं तर तो म्हनला, लाईट पाहिजे का डार्क? मी म्हनलो, गार्डाचं पाहिजे. तो हासला. मी त्याच्या बापापासून शिव्यायला सुरवात केली आन् तिथून निघालो.

आता रंग सांगावा कसा? बूट तर कुलपात. आन् तवाच हरणी ओसरीसमोरून गेली. हरणी माझी शेळी. उजवा बूट आन् हरणी, एका कातड्याचे वाटावे. तसाच तांबूस, उन्हात जरा सोनेरी. मी म्हनलो, झालं काम. शनिवारी सकाळच्या पाशिंजरनं मी आन् हरणी परभणीला.

बाजारात बुटाचं दुकान हाय, राजेश्रीताई म्हणून बाई चालवती. मी आत गेलो. ती म्हनली, "काका, शेळी भाईर बांधा."

"शेळीसाठीच आलोय."

"हितं फक्त बुटं भेटतात."

"बूट हायेत. ह्या शेळीच्या रंगाचं पालिश द्या."

तिनी शेळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत शेळीकडं बघितलं. पण बाई अस्सल दुकानदार. चार डब्या मांडल्या. लाईट टॅन, डार्क टॅन, ब्राऊन, आन् चौथी बिनरंगाची. म्हनली, रंगीत चामड्याला ही चौथीच बरी, मूळ रंग बिघडत न्हाई. मी म्हनलो, ज्याच्यात रंगच न्हाई त्याला पालिश कशाला म्हणायचं, ते तर नुसतं तूप झालं. तिनी इचारलं, बुटाला आदी काय लावलं होतं का? मी म्हनलो, न्हाई. (घरातल्या गोष्टी मी बाजारात सांगत नसतो.)

"मंग कोणतं बी न्या," ती म्हनली, "पण आदी थोडं एका कोपऱ्यात लावून बघा."

कोपरा तर संग आणला होता. मी तीन डब्यात बोट बुडवलं आन् हरणीच्या पाठीवर तीन पट्टे ओढले. ब्राऊन दिसला. डार्क टॅन दिसला. लाईट टॅन कुठं गेला तेच कळंना, हरणीत मिसळून गेला. मी म्हनलो, जे दिसत न्हाई तेच बरोबर. राजेश्रीताई म्हनली, वीस वर्सं झाली दुकानाला, आसं पालिश कुणी घेतलं न्हाई. मला लय बरं वाटलं. बोट घातलेल्या डब्या ती परत घेईना, म्हणून तिन्ही मलाच घ्याव्या लागल्या.

परत येताना टेशनावर एक शेळ्याचा दलाल भेटला. त्यानं हरणीच्या पाठीवर हात फिरवला, हाताचा वास घेतला आन् चार माणसात मोठ्यानं म्हनला, "का हो पाव्हनं, म्हातारी शेळी पालिश मारून तरणी म्हणून इकायलात का?"

माणसं जमली. एकानं हरणीचं व्हट वर करून दात मोजले. दुसरा म्हनला, आमच्या गावात आसंच एक बैल रंगवून दिलता. मी काठी उगारली, तर खिशातून डबी पडली, घरंगळत गेली आन् दलालाच्या पायापाशी जाऊन थांबली. मंग काय, पुरावाच भेटला त्यायला. गाडी आली म्हणून वाचलो, न्हाईतर त्या दिवशी मी फौजदाराचे बूट बघितले असते.

घरी आलो. कासाबाईनं लय आढेवेढे घेऊन कुलूप काढलं. उजव्या बुटाला पालिश लावलं. अहाहा. आरसा. तोंड बघून घ्यावं आसा. पण त्या बुटाला तर काय झालंच नव्हतं. मंग डाव्याला लावलं. डाव्यानं पालिश पिलं, ढेकर दिला आन् काळाच ऱ्हायला. सकाळी दोन बुटात नुसता फरक होता, आता फरक चमकायला लागला.

सांजच्याला विजयमाला आली. गळ्यात हार तसाच. ओसरीवर दोन बूट बघितले आन् खाली बसली. मला वाटलं ओरडंल. ती ओरडली असती तर मी बी ओरडलो असतो, मला तेवढं जमतंय. पण ती हळूच म्हनली, "आबा, परवा परेड हाय. दोन रंगाचे बूट घालून गेले तर मला लायनीतून भाईर काढतील. सहा महिने पळले मी त्या ग्राउंडवर."

पोरगी दहावीपर्यंत माझ्यामागं मेंढरं घेऊन हिंडली. दगडावर बसून अभ्यास केला तिनी. भरतीला पळायची तयारी करायली तवा मीच मोटरसायकल घेऊन मागं जायचो. आन् आता लायनीतून भाईर काढणार, ते बी माझ्या एरंडेलानं. मी हरणीकडं बघितलं. तिच्या पाठीवर अजून दोन पट्टे होते.

कासाबाई चुलीपाशी भाकरी थापायली होती. तिथूनच म्हनली, मान बी वर केली न्हाई, "दुसऱ्याला बी तेल लावा की."

पोरीनं डाव्या बुटाकडं बघितलं, मंग उजव्याकडं.

(मला बी तेच सुचलं होतं. मी बोलणारच होतो.)

शेजारच्या तानुबाईकडून वाटीभर एरंडेल आणलं. ऐतवारी सकाळी पोरीनं उजव्या बुटावरचं माझं पालिश घासून काढलं, मी तेल चोळलं, दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवला. चार वाजता उजवा बूट डाव्याचा सख्खा भाऊ. वरून ती दुसरी डबी, डार्क टॅनची, बोट घातलेली, ती कामाला आली. मंग मी जुन्या घोंगड्याचा तुकडा घेतला आन् घासायला बसलो. लोकर ती लोकर. काय उजळले बूट. पोरगी बघत होती, आन् तिनी मला बुटाला हात लावू दिला. तेवढं मला बास.

सोमवारी मी, कासाबाई आन् आदिनाथ परेडला. मला पुढच्याच खुर्चीवर बसवलं. नवा पटका बांधला होता. साहेब रांगंतून चालत आले, सगळ्यायचे बूट बघत बघत, आन् विजयमालासमोर थांबले. खाली बघितलं. मी खुर्चीच्या कडंला आलो. त्यायनं कायतरी इचारलं, तिनी ताठ उभं ऱ्हाऊन उत्तर दिलं. काय ते मागून तिनी सांगितलं मला. साहेब म्हनले, ह्याला काय लावलंय? ती म्हनली, एरंडेल आन् घोंगडं, सर. वडलांनी. साहेब म्हनले, चमक बघा जरा, शिका. हे तिच्या तोंडचं हाय, माझं न्हाई.

मंग बँड सुरू झाला आन् समदे चालायला लागले. आन् इथूनच आदिनाथचा व्हिडू सुरू होतो.

तुमी ध्यानात घ्या. जिंदगीभर मला एका वेळी दोन बूट दिसलेत. लयच झालं तर चार. इथं दीडशे बूट, एका तालात, सरळ माझ्या अंगावर. मला तोंडं दिसलीच न्हाईत. सवयीनं नजर खालीच गेली. धाड धाड धाड. मधी माझ्या पोरीचे ते दोन, सगळ्यात उजळ. मला अभिमान वाटायला होता, आईशपथ. पण पाय अभिमानाचे नसतात हो. पाय उठले.

खुर्ची आडवी झाली, मंडपाचं कापड फाटलं, पटका तितंच ऱ्हायला. आन् पळता पळता मी मेंढरायला हाक दिली. मोठ्यानं. मेंढरं चुडाव्यात, मी तितं. माझी ती हाक बँडच्या वर आयकू येती त्या व्हिडूत.

विजयमालाचं पाऊल चुकलं न्हाई. ते बघा तुमी, एक बी पाऊल चुकलं न्हाई. नंतर तिनी माझा पटका आणून दिला, वाटलं आता रागावंल. तर म्हनली, "आबा, तुमी पळालात तवा मला खात्री पटली, बूट खऱ्या गार्डाचे दिसायलेत."

आता सांगा, ह्यात माझी बेइज्जती कुठं हाय? पालिश चांगलं होतं म्हणून तर पळालो.

तुमच्या बी मोबाइलात आलाय त्यो, आदिनाथनं समद्यायला धाडलाय. आत्ताच तुमचा हात खिशाकडं गेला, मी बघितला. काढा भाईर. माझं पळणं पुसून टाका, माझ्यासमोर.

थांबा. पुसायच्या आदी येकदा लावा. सुरवातीचं, बूट येतात तितपर्यंत. माझा फोन साधा हाय, त्यात दिसत न्हाई. लावा.