वरखोली

"अर्ध्या तासात पाचही खोकी खाली नेते, बघाच!" चौथ्या मजल्यावरून असं जाहीर करून लेकीने पहिलं खोकं उचललं. लिफ्ट बंद होती. अर्थात त्या इमारतीत तिला लिफ्ट कुणी म्हणत नसे. वरखोली म्हणत. लेकीनेच चार वर्षांची असताना काढलेला शब्द. बोलता बोलता सगळ्या मजल्यांवर पसरला.

खोक्यांत वडिलांची कार्डं होती. चाळीस वर्षं ते शब्दकोशासाठी लोकांच्या तोंडचे नवे शब्द टिपत. शब्द, बोलणारा, तारीख. जिन्यात कुणी काही नवीन बोललं, की हे पेन्सिल घेऊन कठड्यावरून वाकलेच! त्यांना जाऊन महिना झाला होता. आज पाचच्या आत कार्डं कार्यालयात पोचली, तरच ती नव्या आवृत्तीत जाणार होती.

वरखोली मात्र जाणार नव्हती. आपल्याच घरात काढलेला शब्द घरच्या-शेजारच्या तोंडचा चालणार नाही, परक्याच्या तोंडून आपणहून यायला हवा, हा वडिलांचा नियम. येईल त्या पाहुण्याला ते लिफ्टपुढे उभं करत. "याला काय म्हणाल?" "लिफ्ट!" की हे तोंड पाडून वर. शेवटी स्ट्रेचर ढकलणाऱ्यालाही त्यांनी तेच विचारलं होतं. "लिफ्ट, काका. बोलू नका."

तिसऱ्या मजल्यावर खोक्याचा तळ सुटला! कार्डं जिन्याभर उधळली. दारं उघडली, लोक वेचू लागले, आणि वेचता वेचता वाचू लागले.

"'भोंगानणंद'! बोलणारी, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू!"

"मी? कधी?" काकू किंचाळल्या.

"तारीख आहे, वहिनी," मागून त्यांची नणंद थंडपणे म्हणाली.

तळमजल्याचा शिंपी आपल्या शिवीचं कार्ड खिशात घालत होता. "दादा, द्या ते!" लेक म्हणाली.

"राहू दे ना, ताई. इतक्या सुंदर अक्षरात माझं कुणी काही लिहिलं नाही."

तिकडे काकूंनी नणंदेला असा एक कोरा करकरीत शब्द हाणला, की सगळ्यांच्या माना सवयीने वर गेल्या. कठड्यावरून कुणी वाकलं नाही. काकूंनी डोळे पुसले.

तेवढ्यात हत्यारांची पिशवी घेऊन एक अनोळखी माणूस आत आला. "वरखोली इथलीच बिघडलीय ना?"

लेक धावलीच. "काय म्हणालात? कुठे ऐकलात हे?"

"कुठे म्हणजे? आमच्या कामावर सगळे हेच म्हणतात. पहिल्यापासून हाच शब्द आहे ना?"

"हो," ती कशीबशी म्हणाली, आणि कोरं कार्ड शोधू लागली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना कार्यालयाने खोकी घेतली, ते कार्डही! ती धावतच परतली. वरखोली चालू झालेली. आत शिरून तिने चौथ्याचं बटण दाबलं. कधी एकदा वर जाऊन बाबांना सांगते, असं झालं होतं.

दुसरा मजला सोडला, आणि वरखोली गचकन थांबली.

तेव्हा कुठे तिला आठवलं.

"कोण अडकलंय गं?" बाहेरून काकूंचा आवाज आला.

"मीच, काकू."

"त्या माणसाला परत बोलावते हं! वेळ लागेल. घाईत आहेस का?"

"नाही, काकू," ती म्हणाली. "आता घाई नाही."